वेशीबाहेर गेलेली दवंडी

नागपूरच्या जुन्या वस्त्यांची नावं घेत गेलं की आठवडा उरकत येतो: इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. ज्या वारी जिथे बाजार भरायचा, त्या वाराचं नाव वस्तीला चिकटलं. पुढे पालांच्या जागी गाळे आले आणि इतवारीत सातही दिवस धान्य, किराणा, सोनं-चांदी विकलं जाऊ लागलं. पण हे बाजार खरोखर त्या त्या वारी भरत होते, तेव्हा विकणाऱ्याला माणसं गोळा करायची चिंता नव्हती. वार ठरलेला, मैदान ठरलेलं, आसपासच्या गावांतल्या बैलगाड्या पहाटेच निघालेल्या. चिंता होती ती शेजारच्या पालाची. त्याच्याकडेही तीच वांगी, तीच मिरची, भावही जवळपास तोच. मग गळा काढायचा. आजूबाजूच्या हाळ्यांमध्ये आपली हाळी वेगळी ऐकू गेली पाहिजे, एवढंच त्या काळचं जाहिरातशास्त्र.

छोट्या धंद्याची ऑनलाइन जाहिरात हा विषय निघाला की लोक जिओपासून सुरुवात करतात. मला ती या पालांपासून करावीशी वाटते. गर्दी आयती आहे, पण तीत माझ्याकडे कोण बघणार, हे दुखणं मूळचं तिथलं. ते काही बदललेलं नाही. आवाज कुठवर पोचतो आणि तो काढतो कोण, या दोन गोष्टी मात्र दर पिढीला बदलत गेल्या.

बाजाराचा दिवस सोडून काही सांगायचं असेल तर दवंडी होती. विदर्भात कोतवाल डफडं वाजवत गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, माणसं दाराशी आली की मजकूर सांगायचा आणि पुढे निघायचा. मजकूर बहुतेक सरकारी: सारा भरा, अमुक दिवशी लिलाव आहे, हरवलेलं जनावर सापडलं आहे. व्यापाऱ्याला पैसे देऊन आपलं काही सांगायचं झालं तरी पद्धत हीच. या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ओरडणारा माणूस विकणारा नव्हता, त्यामुळे दुकानदार आपल्या गादीवर बसून राहू शकत होता. आणि दवंडी गावाच्या वेशीपाशी संपत होती. ज्याच्या कानावर ती पडली तो चालत दुकानापर्यंत येऊ शकेल, एवढ्याच अंतरात तिचा फेरा असायचा.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आणि त्याच १८७७ साली टपाल खात्याने देशात व्ही.पी. सुरू केली, म्हणजे पार्सल पोस्टमनने आणायचं आणि पैसे घेऊन ताब्यात द्यायचं. मिलचं कौतुक पुष्कळ झालं आहे. छोट्या धंद्याच्या दृष्टीने मला व्ही.पी. तिच्याइतकीच मोठी वाटते. 'हितवाद' १९११ मध्ये निघाला, गोपाळराव ओगल्यांचा 'महाराष्ट्र' १९१४ मध्ये. त्या काळच्या मराठी पत्रांच्या पानांवर केशतेलं, शक्तिवर्धक गोळ्या, पंचांगं आणि कादंबऱ्या 'व्ही.पी.ने मागवा' म्हणून दाटीने बसलेल्या असत. दवंडी पहिल्यांदा वेशीबाहेर पडली ती इथे. पण तेव्हा ज्या टपालाने वर्तमानपत्र वर्ध्याला किंवा उमरेडला जायचं, त्याच टपालाने गोळ्यांची डबीही जायची. शब्द आणि माल एकाच थैलीतून प्रवास करत होते. जो माल त्या थैलीत मावत नव्हता, तो विकणारा वर्तमानपत्राच्या नादी फारसा लागला नाही. हलवाई, शिंपी, कल्हईवाले, खानावळी यांनी जाहिरात दिली नाही म्हणून त्यांचं काही अडलंही नाही.

वेशीबाहेरच्या वाटेने गेलेला एक नागपूरकर सगळ्यांना माहीत आहे. केशव विष्णू पेंढरकर नागपुरात किराणा दुकान चालवायचे. ते मुंबईला गेले, १९५२ मध्ये त्यांनी विको सुरू केली आणि पहिलं गिऱ्हाईक दारोदार फिरून मिळवलं. पुढे विकोच्या जाहिराती कितीतरी भाषांत चित्रपटगृहांतून झळकल्या आणि १९८४ मध्ये दूरदर्शनवरच्या 'ये जो है जिंदगी'च्या आधी घराघरांत ऐकू आल्या. दंतमंजन आणि हळदीचं क्रीम डबीत बसतं, महिनोन्महिने टिकतं, कन्याकुमारीलाही जातं. आवाज जितका लांब जाईल तितका फायदाच. पण विकोसारखं मोठं होता येतं, हा धडा आपण जरा जास्तच घोकला. इतवारीतल्या शिंप्याला कन्याकुमारीचं गिऱ्हाईक घेऊन करायचं काय?

त्याच्यासाठी होता पेंटर. नागपूरच्या भिंतींवर पाच-सहा दशकं या माणसाचं राज्य होतं. काम बघत उभं राहावं असं असायचं. आधी भिंतीवर पांढरा हात. मग निळीत बुडवलेली सुतळी दोन टोकांना ताणून मधोमध चिमटीत धरायची आणि सोडायची. फट्‌ आवाजासरशी भिंतीवर सरळ निळी रेघ. अशा रेघांमध्ये खडूने अक्षरांची ठेवण, मग ऑइल पेंट, शेवटी अक्षरांना लाल नाहीतर काळी सावली. 'साड्यांचे भव्य दालन' हे शब्द दुकानदाराला सुचलेले नसायचे, ते पेंटरचे असायचे. दालन दहा बाय बाराचं असलं तरी भिंतीवर भव्यच. कुणी फुटावर पैसे घ्यायचा, कुणी अक्षरावर, त्यामुळे अक्षरावर घेणाऱ्याकडे मजकूर आपोआप आटोपशीर व्हायचा. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं स्वतःचं नाव, म्हणजे दुकानदाराच्या पैशात त्याचीही जाहिरात. भिंत कुणाची, तिथे रंगवायला परवानगी कुणाची, हा प्रश्न सहसा कुणी विचारायचं नाही. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध कायदा आला तो १९९५ मध्ये.

त्या भिंतीचाही फेरा ठरलेला होता. सक्करदऱ्याच्या भिंतीवरचं दुकान सक्करदऱ्याहून महालात जाणाऱ्या माणसालाच कळायचं. एक जण ती रोज वाचायचा, महिनाभर, कधी वर्षभर. आपलं वाचून झालंय हेही त्याच्या लक्षात यायचं नाही आणि लग्नसराई आली की पाय बरोबर तिकडे वळायचे.

रेडिओच्या बाबतीत नागपूर पुढे होतं, हे नागपूरकरांनाही फारसं आठवत नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झालं. विविध भारती १९५७ मध्ये आली, पण तिच्यावर जाहिराती नव्हत्या. श्रोते आणि जाहिरातदार दोघेही रेडिओ सिलोनच्या वाऱ्या करत होते. अखेर सरकारने १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती घ्यायला सुरुवात केली. हा प्रयोग देशात ज्या केंद्रांवर आधी झाला ती होती मुंबई, पुणे आणि नागपूर. म्हणजे देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांच्या आधी नागपूरच्या व्यापाऱ्याला रेडिओवर दहा-पंधरा सेकंद विकत घेता येत होते. कापडवाले आणि सराफ पुढे झाले, लहान दुकानदार लांबून बघत राहिला. दहा सेकंदांत आपला पत्ता तरी नीट सांगून होतो का? 'बर्डीवर, अमक्या हॉटेलच्या मागे, तमक्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर' यातच वेळ संपायचा.

त्याला खरी परवडली ती टॉकीजमधली स्लाइड. पंचशील, स्मृती, लिबर्टी, अलंकार किंवा महालातलं राजविलास. मध्यंतरात पडद्यावर काचेची रंगीत पट्टी यायची, वर दुकानाचं नाव, खाली पत्ता, मध्ये हाताने काढलेलं चित्र. काच किंचित तिरकी बसली की प्रेक्षकांतून शिट्या. पण बघणारे सगळे सायकलने घरी जाता येईल एवढ्या अंतरातले. दुकानदार स्वतः बाल्कनीत बसला असेल तर पाचजण मागे वळून त्याच्याकडे बघायचे. केबल आल्यावर हेच काम पडद्याच्या खालच्या कडेला सरकणाऱ्या पट्टीने केलं. चित्रपट ऐन रंगात आला असताना नायिकेच्या हनुवटीखालून 'मुंजीचे हॉल उपलब्ध' निघून जायचं. लाउडस्पीकर लावलेली ऑटोरिक्षा, कस्तुरचंद पार्कवरचे प्रदर्शन-सेल, रविवारच्या पेपरात पहाटे घातलेली गुलाबी पत्रकं यांच्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, ती अजूनही आहेत. फ्लेक्सने मात्र पेंटरचा धंदा बसवला. ज्या अक्षरांना एका माणसाला दोन दिवस लागायचे, ती यंत्रातून काही मिनिटांत बाहेर पडू लागली. स्वस्त झालं, म्हणून सगळ्यांनी लावलं. सगळ्यांनी लावलं, म्हणून कुणाचंच दिसेना. वाढदिवसाच्या शुभेच्छांनी उरलीसुरली जागा खाल्ली.

या सगळ्याला बगल देऊन एक धंदा नागपुरात मोठा झाला, तो सावजींचा. हलबा कोष्टी समाजाच्या विणकर वस्त्यांमधून, घराच्या पुढच्या खोलीत चार पाट मांडून ज्या खानावळी निघाल्या, त्यांच्यापैकी कितीजणांनी जाहिरातीवर पैसा घातला असेल? जेवून घाम पुसत बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर चारजणांना सांगायचा. त्या चारजणांना गल्ली ठाऊक असायची, सांगणारा तर ठाऊक असायचाच. अर्थात यावरून 'माल चांगला असला की जाहिरात लागत नाही' असं कुणी म्हणू लागलं तर ते मला पटत नाही. तितकाच चांगला रस्सा करणाऱ्या कितीतरी खानावळी शेजारच्याच गल्लीत बंद पडल्या असतील. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, इतकंच.

आता फोन. फेसबुकने धंद्यांसाठी पेज देऊ केलं २००७ मध्ये, तेही फुकट. पेज काढा, ओळखीच्या लोकांना लाइक करायला सांगा, मग जे लिहाल ते त्यांना दिसेल. काही वर्षं तसं झालंही. २०१२ मध्ये फेसबुकनेच सांगितलं की एखाद्या पेजवरची गोष्ट त्या पेजच्या सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत पोचते. २०१४ च्या सुरुवातीला ओगिल्वी या जाहिरात संस्थेने हिशेब मांडला तेव्हा आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला होता. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने पोस्टी आल्या त्या क्रमाने दाखवणं सोडलं. २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे आप्तमित्रांचं आधी दिसेल, पेजांचं नंतर. यात कटकारस्थान शोधायची गरज नाही. एका माणसाच्या दिवसात मावतील त्यापेक्षा कितीतरी जास्त पोस्टी पडू लागल्या, तेव्हा कुणाला पुढे उभं करायचं आणि कुणाला मागे, हे ठरवणारा कुणीतरी लागणारच होता. तो बसला, आणि पुढच्या रांगेत उभं राहायचे पैसे घेऊ लागला. 'बूस्ट करा' हे बटण म्हणजे तेच.

नागपूरचा छोटा दुकानदार या मैदानात उतरला तो नेमका याच वळणावर. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं, डेटा स्वस्त झाला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. टाळेबंदीत घरबसल्या डबे, मसाले, केक, साड्या विकू लागलेल्या बायकांची एक लाट त्याच सुमाराची. म्हणजे गर्दी सगळ्यात दाट झाली तेव्हा हे लोक आत शिरले. आणि आतापर्यंत जी कामं कोतवाल, पेंटर, स्लाइडवाला, रिक्षातला निवेदक असे चारजण करत होते, ती सगळी एकाच्या अंगावर पडली. दुकानदाराने आता स्वतः नाचायचं, स्वतः शूट करायचं, गाणं निवडायचं, वर अक्षरं टाकायची आणि तरीही गल्ल्यावर बसायचं.

माझ्या ओळखीची एक बाई दक्षिण नागपुरात लंब्या रोट्या करून विकते. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: लोकवन गव्हाची बारीक चाळलेली कणीक पार सैल भिजवायची, इतकी की पोळपाटावर ती राहणारच नाही. मग आपटून-आपटून तिला तार आणायची. चुलीवर मातीचं मडकं उपडं ठेवलेलं असतं, पालथं, चांगलं तापलेलं. कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झोके देत नाचवला की तो कोपरापर्यंत लांब होतो, आरपार दिसेल इतका पातळ, आणि त्याच झोक्यात मडक्यावर अंथरायचा. मिनिटाभरात भाजून निघतो, चार घड्या घालून टोपलीत. कॅमेऱ्याला यापेक्षा काय हवं? मुलीने आईच्या हातांचं रील केलं, ते चाललं, भरपूर चाललं. खाली प्रतिक्रिया इंदूरच्या, रायपूरच्या, दुबईच्या, पार कराचीच्याही. रोटी तर दुपारी केलेली संध्याकाळी वातड होते. कुरिअरने पाठवायचा प्रश्नच नाही. मी अभिनंदन केलं तर ती म्हणाली, "भाऊ, पाहून तं सारेच राहिले, घेऊन कोन राहिलं?"

तिच्या ऑर्डरी येतात त्या जवळच्या वसाहतींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरून आणि तिच्या स्टेटसवरून. व्हॉट्सॲपने छोट्या धंद्यासाठी वेगळं ॲप काढलं २०१८ मध्ये. त्यात मालाची यादी लावता येते, ठरावीक उत्तरं आपोआप जातात. पण त्यातली सगळ्यात कामाची अट फार जुनी आहे: ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेला निरोप त्यालाच मिळतो, ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आहे. कुरकुर करणारे या अटीवर कुरकुर करतात. मला ती अट म्हणजे कंपनीने नकळत बांधून दिलेली वेस वाटते. गूगलच्या नकाशावर 'जवळचं' शोधणाऱ्याला तुमचं दुकान दिसतं, तेही त्याच जातीचं. रीलची अडचण गर्दी एवढीच नाही. ते वेशीवर थांबत नाही.

आता डॉली चायवाला. तो नागपूरचा आहे, सदर भागातल्या टपरीवरचा, आणि त्याच्याशिवाय हा मागोवा कुणी वाचणार नाही. त्याचे केस, चष्मे, उंचावरून धार सोडण्याची तऱ्हा, पैसे परत देताना हाताची लकब हे फूड व्लॉगर्सनी आधीच देशभर नेलं होतं. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी बिल गेट्स यांनी त्याच्या हातचा चहा घेतानाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला आणि मग बोलायलाच नको. गंमत अशी की तो चहा नागपुरात झालाच नाही. गाडा हैदराबादला नेला होता. आणि समोरचा पाहुणा कोण हे डॉलीला, त्याच्याच सांगण्यानुसार, नागपूरला परत आल्यावर कळलं. जुलै २०२५ मध्ये त्याने 'डॉली की टपरी' नावाने फ्रँचायझी जाहीर केली. बरोबरच आहे. दवंडी जगभर गेली आणि टपरी एकच, तर टपरीलाच तिच्या मागे पाठवायला हवं. पेंढरकरांच्या डबीसारखा माल त्याच्याकडे नव्हता, चहा तर दहा मिनिटांत गार होतो. पाठवण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तो स्वतः. त्याने ती विकायला काढली. यावर नाकं मुरडणाऱ्यांनी पेंटरचं 'भव्य दालन' आठवून पाहावं. पण डॉली हा सगळ्या टपरीवाल्यांनी गिरवायचा कित्ता आहे, असं सांगत फिरणारी जी शिबिरं हल्ली भरतात, तिथे पैसे भरण्याआधी थोडा विचार करावा. टपरीवर उभं राहून दिवसभर अभिनय करता येणं हा वेगळा धंदा आहे, चहाचा नाही.

ज्यांना तो जमत नाही त्यांच्यासाठी ओरडणारा मधला माणूस परत आला आहे. त्याला इन्फ्लुएन्सर म्हणतात, नागपुरात नुसतं 'ब्लॉगर'. खाऊगल्लीत फोन उंच धरून 'नागपूर के सबसे तगडे' अशी हिंदीत सुरुवात करतो, कारण मराठीत केलं तर बघणारे कमी होतात असा त्याचा अनुभव आहे. फुकट खातो, वर 'कोलॅब'चे पैसे घेतो. कोतवालाचं डफडं ऐकून कुणालाही कळायचं की हे सांगण्यासाठी त्याला नेमलं आहे. इथे ते कळत नाही, म्हणून जाहिरात क्षेत्रातल्या 'ॲस्की' या संस्थेने १४ जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरांना पैसे घेतल्याचं सांगणारी खूण लावायला सांगितली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही तशा मार्गदर्शक सूचना काढल्या. खाऊगल्लीच्या रीलवर ती खूण शोधायला मात्र चष्मा लागतो.

रोट्या करणाऱ्या बाईकडेही असा एक जण आला होता. लाखांत फॉलोअर, दर सांगितला, वर हात नाचवायचा कसा हेही सांगू लागला. तिने मडक्याखालचा जाळ कमी केला आणि मुलीला बोलावलं. मुलीला माहीत होतं की कोणत्या शहरातून किती लोक बघतात ते अशा लोकांना आपल्या खात्यात दिसतं. तिने तो पडदा उघडायला लावला. वर दिल्ली, मग मुंबई, मग पुणे. नागपूर यादीत होतं, पण बरंच खाली. बाईने थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजलं आणि नागपूरचे जेवढे लोक निघतील तेवढ्याचाच हिशेब करून सांगितलेल्या दराचा दहावा भाग देऊ केला, शिवाय घरी न्यायला बारा रोट्या. तो हसला, उठला, दारापर्यंत गेला आणि रोट्यांसोबत पाटवडीचा रस्सा मिळेल का, असं विचारून परत बसला.